सासरची स्पॅनिश

अक्का कुणाकडे काही मागत नसत. ही त्यांची स्तुती नाही. मला त्या गोष्टीचा चक्क धक्का बसला होता. बालगृहात टायपिस्ट म्हणून लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. दुपारच्या पंगतीत वाढणारी मुलगी अक्कांच्या ताटात भाजी वाढायला विसरली. अक्कांनी कोरडी भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि उठून ताट घासलं. भाजीचं पातेलं त्यांच्यापासून हातभर अंतरावर होतं! मी म्हटलं, "अहो अक्का, मागायची नाही का भाजी?" चोरी करायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माले काही नको," म्हणाल्या. "पुरे."

"माले काही नको" आणि "पुरे" या दोन वाक्यांवर या बाईने पन्नास वर्षं काढली होती. दिवाळीला बालगृहाचे साहेब विचारायचे, साडी कुठल्या रंगाची आणू? माले काही नको. ताप चढला, डॉक्टरांना बोलावू? पुरे. मी जळगावची, भांडून रिक्षावाल्याकडून आठ आणे परत घेणाऱ्या घरात वाढलेली. असलं काही बघितलं की माझं डोकं फिरायचं. संत असतील तर मठात जावं, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले होते. त्या हसल्या आणि तांदूळ निवडत राहिल्या.

आमचं बालगृह जळगाव शहराच्या कडेला, कापसाच्या जिनिंगच्या मागे होतं. चाळीस-पंचेचाळीस मुलं, एक साहेब, एक मी आणि मुलांचं सगळं करणाऱ्या अक्का. अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, शिंदखेड्याजवळच्या. त्यांच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी 'शे' यायचं. चौदाव्या वर्षी त्यांचं लग्न होऊन त्या पार रावेरकडे, केळीच्या मुलखात जाऊन पडल्या. दोन्ही खानदेशच, पण बोली निराळी. त्यांनी तोंड उघडलं की सासरची माणसं 'शे, शे' करून चिडवायची. "तीन दिन मी पाणी नही मांगं, बाई," त्या एकदा मला म्हणाल्या होत्या. "तोंड उघाडं की हासेत." पुढे नवरा गेला, सासरच्यांनी बाहेर काढलं, शिंदखेड्याला भावजयीने दार लावून घेतलं. हे सगळं त्यांनी मला लसूण सोलता सोलता सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं तरी सांगावं तसं.

मंगल महिन्याची असताना बालगृहात आली. मंगळवारी आली म्हणून अक्कांनी नाव ठेवलं मंगल. सगळी मुलं अक्कांचीच, पण मंगल त्यांच्या पदराला लागलेली. ती साडेपाच वर्षांची झाली तेव्हा साहेबांनी मला एक इंग्रजी पत्र टाइप करायला दिलं आणि त्यातून मला कळलं की स्पेनमधलं एक जोडपं तिला दत्तक घेणार आहे. नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडची मुलं पुण्या-मुंबईला गेली होती, एक बाळ विलायतेलाही गेलं होतं. पण ते तान्हं होतं, त्याला कुठली भाषा! ही तर चुरूचुरू बोलणारी पोर, तीही अक्कांच्या बोलीत. मी हे अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातलं भांडं पडलं वगैरे काही नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "तठे पाणीले काय म्हणतस?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक! कोर्टाचा हुकूम यायला चार-पाच महिने आहेत, पोर तिकडे गेली की आपोआप शिकेल. त्यावर अक्का पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "आपोआप? तीन दिन तान काढीसन शिकी का ती? पोर सासरले चालनी, बाई. रिकामा हाते धाडसू, पन रिकामा तोंडे कशी धाडू?" पोर तहानलेली राहील, हीच एक भीती त्यांच्या मनात बसली. पाणी दिसतंय, मागता येत नाही, आणि भोवती हसणारी माणसं. मला तेव्हा ते फार काही वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

महिन्याभराने स्पेनहून एक पाकीट आलं. त्यात जोडप्याचे फोटो, एक कॅसेट आणि कॅसेटमधले शब्द लिहिलेला कागद होता. त्या बाईंनी मंगलसाठी स्वतःच्या आवाजात घरातल्या वस्तूंची नावं बोलून पाठवली होती. मी कागद हातात घेऊन ऐटीत वाचायला लागले. बी.ए. झाले होते ना इंग्रजी घेऊन! पाणी म्हणजे 'अ‍ॅगुआ', दूध म्हणजे 'लेच', साबण म्हणजे 'जॅबॉन'. अक्कांनी टेपरेकॉर्डरला कान लावला आणि मला हाताने थांबवलं. "बाई, तुम्ही कागद वाचतंस. ती तशी बोलत नही. ती म्हणस आग्वा. लेचे." मग घशातून, घास अडकल्यासारखा एक आवाज काढून म्हणाल्या, "खाबोन." मी कॅसेट मागे घेऊन ऐकली. कपाळ माझं! सातवी नापास बाई बरोबर आणि मी चूक.

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. दुपारी लहान मुलं झोपली की अक्का ऑफिसात यायच्या, मंगलला मांडीवर घ्यायच्या आणि मी कॅसेट लावायची. वीज गेली की सेल घालायचे. काही गोष्टी आम्हाला ऐकून ऐकूनच कळल्या. कागदावर एच असेल तर तो गिळून टाकायचा. जे दिसला की घशातला ख. त आणि द मात्र आपलेच, जिभेचं टोक दातांना लावून म्हटलेले, इंग्रजीसारखे टणटण नाहीत. कुत्र्याचा शब्द 'पेर्रो', त्यातला र मला काही केल्या जमेना. अक्का म्हणाल्या, "बैल हाकाना र शे तो. हर्रर्र!" आणि त्यांनी असा काही दणदणीत पेर्रो म्हटला की मंगल मांडीवरून खाली पडायची बाकी राहिली. मला तो र आजही येत नाही. आमच्या घरात बैल नव्हते.

एक दिवस अक्का फार काळजीत दिसल्या. आभार मानायचा शब्द आम्ही 'ग्रासियास' असा वाचत होतो आणि कॅसेटमधल्या बाई स्पष्ट 'ग्राथियास' म्हणत होत्या, जीभ दातांच्या मध्ये घालून. अक्का दोनतीनदा ऐकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तिना पुढला दात पडेल शे का?" मी म्हटलं, फोटोत तर सगळे दात आहेत. मग कॅसेटच्या शेवटी तिचा नवरा बोलला. तोही ग्राथियास! अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. "दोन्हीसना?" मी इतकी हसले की साहेब खोलीतून बाहेर आले. शेवटी आम्ही ठरवलं की त्या गावची रीतच ती असावी, आणि मंगलला जीभ बाहेर काढून ग्राथियास म्हणायला शिकवलं.

कॅसेटमध्ये नुसत्या वस्तू होत्या. अक्कांना वाक्यं हवी होती. माझा भाऊ मुंबईला नोकरीला होता, त्याने फुटपाथवरून प्रवाशांसाठीचं एक इंग्रजी-स्पॅनिश पुस्तक आणून दिलं. अक्कांनी शाळेची शंभर पानी वही आणली. त्या सांगायच्या, मी पुस्तकात शोधायची आणि वहीत आपल्या अक्षरांत लिहायची. पहिल्याच पानावर 'मला हवं आहे' असं वाक्य होतं. मी वाचून दाखवलं. अक्कांनी मान हलवली. "ते नको. पोर हावरी दिसी." मलाही ते पटलं. नव्या घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या 'मला हवं' काय? मी पान उलटलं.

अक्कांनी मग एकेक वाक्य सांगितलं. चुकलं, माफ करा: पेर्दोन. पुरे झालं: बास्ता. भूक नाही: नो तेंगो आम्ब्रे. मी करते ते काम: यो लो आगो. मी रडत नाही: नो योरो. पाण्याचं काय, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "आग्वा म्हणी ना ती. भांडाकडे दखीसन, हळूच." मी शहाणी, नीटनेटक्या अक्षरांत सगळं लिहून काढलं. बावीस वाक्यं झाली. त्या वहीत 'द्या' नव्हतं, 'हवं' नव्हतं, 'नको' हेही नुसतं कधी नव्हतं, त्याला 'उपकार झाले' जोडलेलं. मी वही पंचवीस वेळा तरी वाचली असेल. मला काहीही खटकलं नाही. माझी आई, माझी मावशी, माझी नुकतीच लग्न झालेली बहीण, सगळ्यांना हेच तर शिकवून धाडलं होतं.

सासरी मागायचं नसतं हा अक्कांचा पक्का हिशेब होता. "मांगानं ते आखाजीले, माहेरमा," त्या म्हणायच्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आम्हा खानदेशी बायकांचा खरा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, हवं ते मागून खातात आणि कुणी त्यांना काम सांगत नाही. वर्षाचं मागणं चार दिवसांत मागून घ्यायचं आणि परत तोंड मिटून सासरी जायचं. अक्का दर आखाजीला बालगृहातल्या मुलींसाठी कडुलिंबाला झोका बांधत, आमरस करत, पुरणाच्या पोळ्या करत. स्वतः कधी झोक्यावर बसल्या नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाल्या, "माहेर जिले शे तिना झोका."

इकडे स्पॅनिश सगळ्या बालगृहात पसरली. भाकरी थापताना अक्का घोकायच्या आणि पोरं उचलायची. कुणी पाणी सांडलं की दहा जण 'पेर्दोन' ओरडायचे. तपासणीला सरकारी साहेब आले तेव्हा दारातच चाळीस पोरांनी जिभा बाहेर काढून 'ग्राथियास' केलं. बिचारे दचकून मागे सरकले. "ही कुठली बोली? सातपुड्यातली पावरी का?" त्यांनी विचारलं. आमचे साहेब घाम पुसत म्हणाले, "स्पॅनिश, सर." त्या माणसाने रजिस्टर न बघताच सही केली आणि चहा न घेता गेला.

हुकूम चैत्रात आला, आणि ते जोडपं आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी जळगाव स्टेशनवर उतरलं. ऊन मी म्हणत होतं. त्यांच्याबरोबर मुंबईची एक दुभाषी मुलगी होती, चांगली मराठी बोलणारी. त्याच दिवशी दुपारी चारला मोटारीने निघायचं होतं. अक्कांनी मंगलला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, नवा परकर नेसवला आणि ऑफिसच्या मधोमध उभं केलं. स्वतः दाराआड राहिल्या. मी टाइपरायटरच्या मागे, अभिमानाने फुगलेली. आता बघा म्हटलं, आमच्या पोरीची करामत!

त्या बाई मंगलसमोर गुडघ्यांवर बसल्या. मंगलने हात जोडून स्पॅनिश नमस्कार केला, "ओला. ग्राथियास." त्या बाईंच्या तोंडून किंकाळीच निघाली आनंदाची. नवऱ्याने टाळी वाजवली. मग त्यांनी पिशवीतून एक बाहुली काढली, निळ्या डोळ्यांची. मंगलने बाहुलीकडे बघितलं. तिचे डोळे मी बघितले ना! पण तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाली, "नो, ग्राथियास. बास्ता." बाईंनी चॉकलेट पुढे केलं. "नो तेंगो आम्ब्रे." बाईंनी हळूच तिच्या गालाला हात लावला. मंगल म्हणाली, "पेर्दोन." आणि मग, कुणी न विचारता, एका दमात, "यो लो आगो. नो योरो. नो योरो."

मला शब्द सगळे येत होते. पण त्या पोरीच्या तोंडून ते एकामागून एक ऐकले आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण काय लिहून दिलं हे! ती बाई पांढरीफटक पडली होती. दुभाषी मुलीशी ती भराभरा बोलली. मुलगी आमच्या साहेबांकडे वळून म्हणाली, "त्या विचारतात, हिला इथे मारतात का? ही माफी कशाची मागतेय? मी रडत नाही, असं का सांगतेय?"  ती मुलगी पुढे म्हणाली, "त्या म्हणतात, मुलीला यायचं नसेल आणि धाक घालून पाठवत असाल, तर आम्ही तिला नेणार नाही."

अक्का दाराआडून बाहेर आल्या. साहेबांसमोर पदर सावरल्याशिवाय त्यांना मी कधी बघितलं नव्हतं. आज पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांना भान नव्हतं. "कोणी नही मारं," त्या म्हणाल्या. "मी शिकाडं. सासरले चालनी ना पोर. सासरमा मांगानं नही, रडानं नही." दुभाषी मुलगी म्हणाली, "अक्का, ही सासरी नाही चाललीय. ही आईकडे चाललीय."

अक्कांचा चेहरा मला आयुष्यभर विसरता येणार नाही. कुणी थोबाडीत मारावी तशा त्या उभ्या होत्या. "माहेरले?" त्यांनी विचारलं. "हो, माहेरीच," ती मुलगी म्हणाली. अक्का खाली बसल्या. पाच महिने घोकलं, बैलाचा र, घशातला ख, सगळं बिनचूक, आणि पोरीला माहेरी धाडताना सासरची भाषा शिकवली होती. अहो, त्यांना माहेर म्हणजे काय हे आठवत होतं तरी कुठे! पण मला तर होतं ना. मी का नाही बोलले? स्वतःचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता.

दुभाषी मुलीने जोडप्याला सगळं समजावून सांगितलं. त्या स्पॅनिश बाई ऐकता ऐकता रडायला लागल्या, पण मंगल येईल का याची त्यांना अजून खात्री नव्हती. त्या म्हणाल्या, तिने एकदा तरी स्वतःहून काही मागू दे. अक्का उठल्या. घड्याळात बारा वाजले होते. "बाई," त्या मला म्हणाल्या, "'माले पाहिजे' ले काय म्हणतस?" एवढं विचारतानासुद्धा त्यांची जीभ अडखळली. मी पुस्तक उघडलं. पहिलंच पान. "कियेरो," मी म्हटलं.

अंगणात लिंबाला आखाजीचा झोका कालच बांधला होता. अक्कांनी मंगलला झोक्यावर बसवलं आणि दोर धरून ठेवला. "माग," म्हणाल्या. "म्हण, कियेरो. मंग झोका देसू." मंगलला वाटलं ही परीक्षा आहे. ती म्हणाली, "बास्ता." अक्का म्हणाल्या, "नही. ते बठ्ठं इसर. मी चुकाडं. माग." मंगल म्हणाली, "पेर्दोन." असं किती वेळ चाललं! बाकीची पोरं भोवती गोळा झाली. जेवणाची घंटा झाली, कुणी हललं नाही. अक्कांच्या कपाळावरून घाम गळत होता आणि त्या एकच शब्द परत परत म्हणत होत्या, कियेरो, कियेरो. मला वाटलं, संपलं. बावीस वाक्यं पाच महिन्यांत मुरली, ती तीन तासांत कशी निघणार?

शेवटी अक्कांनी दोर सोडला, त्या स्पॅनिश बाईंचा हात धरून आणला आणि दोर त्यांच्या हातात दिला. आखाजीला अजून दोन दिवस होते, तरी मंगलच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मंगल, आज आखाजी शे. आनि ही तुनी माय शे." आणि पाच पावलं मागे सरकल्या. मंगलने त्या बाईंकडे बघितलं, अक्कांकडे बघितलं. आखाजीला मागायचं असतं हे तिला ठाऊक होतं, दर वर्षी ऐकलं होतं. अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "कियेरो." बाईंनी असा काही झोका दिला की पोर लिंबाच्या फांदीला लागते की काय! अक्का ओरडल्या, "हळू व माय!" आणि मंगल वरून, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी, "कियेरो! कियेरो!"

चारला मोटार आली. बाहुली मंगलच्या काखेत होती, तोंडाला चॉकलेट लागलं होतं. ती मोटारीत बसली, काच खाली केली. अक्का नेहमीसारख्या मागे, पोरांच्या घोळक्यात. मोटार सुरू झाली तशी मंगलने हात बाहेर काढला आणि ओरडली, "कियेरो अक्का!" मागायला शिकवलं, आणि दुसरं मागणं हे. मी मान फिरवली. अक्का तिथेच उभ्या राहिल्या, धूळ खाली बसेपर्यंत. मग आत गेल्या आणि उरलेल्या पोरांना जेवायला वाढलं. एवढ्या गडबडीत दुपारचं जेवण राहूनच गेलं होतं.

पुढच्या आखाजीच्या सुमाराला पत्र आलं, दुभाषी मुलीने इंग्रजीत करून पाठवलेलं. मंगल दिवसभर काही ना काही मागत असते, असं त्या बाईंनी लिहिलं होतं. सूप नको असतं तर ताट सरकवते. कुत्रा हवा म्हणून आठवडाभर हटून बसली, शेवटी आणावा लागला. पत्रात शेवटी लिहिलं होतं, झोका बांधणाऱ्या बाईंना सांगा, आमच्या घरात आता एक मिनिट शांतता नाही. बरोबर दोन फोटो होते. एकात लाल कोट घातलेली मंगल तोंड उघडून हसत होती. अक्कांनी फोटो उजेडाला धरला आणि किंचाळल्याच, "बाई, हिना ते खरंच पुढला दात पडेल शे!" मग डोळे पुसून फोटो परत दिला. नियम होता, दत्तक गेलेल्या मुलांचे फोटो फायलीत राहायचे, कुणी जवळ ठेवायचे नाहीत. नियमांच्या बाबतीत मी साहेबांपेक्षा कडक होते. दोन्ही फोटो मी फायलीत लावले आणि कपाटाला कुलूप घातलं.

दोन वर्षांनी अक्का निवृत्त झाल्या. फैजपूरला एका मानलेल्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. आम्ही नारळ दिला, साडी दिली. साहेबांनी गहिवरून विचारलं, "अक्का, इतकी वर्षं केलंत, आणखी काय देऊ तुम्हाला?" सगळ्यांना उत्तर पाठ होतं. "माले काही नको," अक्का म्हणाल्या, आणि पोरांनी एका सुरात पुढचं म्हटलं, "पुरे!" सगळे हसले. अक्का पत्र्याची पेटी घेऊन फाटकापर्यंत गेल्या. मी टेबलाशी येऊन बसले आणि टाइपरायटरला कागद लावला.

सावली पडली म्हणून मान वर केली तर अक्का समोर. पेटी फाटकाशीच ठेवून परत आल्या होत्या. मी विचारलं, काय राहिलं? त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. ओठ हलले, मिटले. मी म्हटलं, अहो बोला ना, एस.टी. चुकेल. तेव्हा त्यांनी कपाटाकडे बोट केलं, आणि मराठीत नाही, अहिराणीत नाही, स्वच्छ, जीभ न अडखळता म्हणाल्या, "कियेरो."

मी खुर्चीतून उठलेच. दहा वर्षांत त्या बाईने माझ्याकडे सुईसुद्धा मागितली नव्हती. स्वतःच्या भाषेत तो शब्द त्यांच्या तोंडून निघतच नव्हता, म्हणून पोरीला दिलेला शब्द त्यांनी वापरला.  कपाट उघडलं, फाईल काढली, लाल कोटातला फोटो सोडवून त्यांच्या हातात ठेवला. नियम गेला चुलीत!

अक्कांनी फोटो पदराने पुसला, छातीशी धरला. मी वाट बघत होते की आता त्या 'पुरे' म्हणतील. त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या, आणि लाजून हसत मला विचारलं, "अजून एक शे का?"

होता. कुत्र्याबरोबरचा. तोही दिला.